घड्याळ उलटं करून बघा

श्रोतेहो, नमस्कार.

एखाद्या नामवंत कंपनीच्या घड्याळांचं प्रदर्शन भरलं, की खरे शौकीन लगेच ओळखू येतात. ते तबकडीपाशी फार रेंगाळत नाहीत. घड्याळ हातात मिळालं, की ते आधी उलटं करतात आणि डोळ्याला भिंग लावतात.

मागच्या काचेतून बॅलन्स व्हील, म्हणजे घड्याळाची गती ठरवणारं छोटं चाक, झुलताना दिसतं. हल्लीच्या बऱ्याच घड्याळांत ते तासाला २८,८०० ठोके देतं, म्हणजे सेकंदाला आठ. त्याला आवरून धरणारी केसासारखी स्प्रिंग डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगन्स यांनी १६७५ साली जगापुढे आणली. आजही काम तीच करते.

अचूकतेचं म्हणाल, तर ती शर्यत डिसेंबर १९६९ मध्येच संपली. जपानच्या सेकोने क्वार्ट्‌झचं, म्हणजे बॅटरीवर चालणारं आणि स्फटिकाच्या कंपनांनी वेळ मोजणारं, मनगटी घड्याळ बाजारात आणलं. स्वित्झर्लंडचं क्रोनोमीटर प्रमाणपत्र मिळवणाऱ्या यांत्रिक घड्याळालाही दिवसाला सरासरी चार सेकंद मागे किंवा सहा सेकंद पुढे जायची मुभा असते. साधं बॅटरीचं घड्याळ त्याहून कितीतरी नेमकं चालतं. मग माणसं काचेला नाक लावून काय बघतात? हाताचं काम बघतात.

आतल्या पट्ट्यांच्या कडा तिरप्या घासून चकचकीत केलेल्या असतात. अशा दोन कडा आतल्या बाजूला जिथे मिळतात, तो कोपरा नीट बघा. फिरतं हत्यार तिथे गोलाई सोडतं. टोकदार कोपरा हवा, तर कारागिराला कानस घेऊनच बसावं लागतं. स्क्रूचं डोकंही बघा. उत्तम पॉलिश असेल, तर एका कोनातून ते काळंभोर दिसतं आणि घड्याळ जरा कललं की लख्ख चमकतं.

सगळ्यात जास्त गर्दी टूरबियॉनभोवती असते. यात बॅलन्स व्हील एका फिरत्या पिंजऱ्यात बसवलेलं असतं, म्हणजे घड्याळ एकाच स्थितीत उभं राहिल्याने गुरुत्वाकर्षणामुळे होणारी चूक भरून निघते. घड्याळजी ब्रेगे यांनी १८०१ मध्ये त्याचं पेटंट घेतलं, तेव्हा घड्याळं खिशात उभी राहत. सतत हलणाऱ्या मनगटावर त्याची तेवढी गरज उरत नाही. देखणं आहे, यात वाद नाही. पण माझं मत विचाराल, तर तीन काट्यांचं साधं घड्याळ आधी बघा. तिथे कारागिराला लपायला जागा नसते.

आणि मिनिट रिपीटर, म्हणजे कळ दाबली की ठोके देऊन वेळ सांगणारं घड्याळ, मांडलेलं असेल, तर ते वाजवून दाखवायची विनंती जरूर करा. खर्जात तास, जोडस्वरात पाव तास आणि वरच्या स्वरात मिनिटं. जमलं तर काटे बारा एकोणसाठवर आणायला सांगा. बारा, तीन आणि चौदा, हा त्याचा सर्वांत लांब गजर असतो.