धान्याची चोरी आणि गोदीचं लॉकगेट

श्रोतेहो, नमस्कार.

बॅलार्ड इस्टेटच्या मागे, गोदीच्या उंच भिंतीआड इंदिरा गोदी आहे. तिचं जुनं नाव अलेक्झांड्रा डॉक. या गोदीत शिरायला जहाजांना ज्या दगडी वाटेतून जावं लागतं, त्या लॉकगेटबद्दल आज बोलायचं आहे.

मुंबईकराला भरती-ओहोटी समजावून सांगायला नको. उधाणाच्या दिवसांत आपल्या बंदरातलं पाणी बारा फुटांच्या आसपास वरखाली होतं, कधी त्याहूनही जास्त. माल उतरवताना जहाज असं खालीवर होत राहिलं तर काम कसं व्हायचं? म्हणून गोदीला दरवाजे लावून पाणी आत कोंडून ठेवतात. १८८० ची प्रिन्सेस डॉक आणि १८८८ ची व्हिक्टोरिया डॉक याच पद्धतीच्या. पण तिथे जहाजांची ये-जा भरतीच्या वेळीच व्हायची. आतलं आणि बाहेरचं पाणी सारखं झाल्याशिवाय दरवाजा उघडणार कसा? तोवर जहाजाने बाहेर नांगर टाकून थांबायचं.

मार्च १९१४ मध्ये अलेक्झांड्रा डॉक सुरू झाली आणि हे थांबणं संपलं. इथे वाटेच्या दोन्ही टोकांना दरवाजे आहेत आणि मधे दगडी हौद आहे. दोन टोकांना दरवाजे, मधे हौद, एवढं ध्यानात ठेवा.

आता हा दुसरा दरवाजा पहिल्यांदा कुणाला सुचला? मला ही गोष्ट इतकी आवडते की निमित्त मिळालं की मी ती सांगतोच.

साल ९८४. चीनमध्ये सोंग घराण्याचं राज्य, राजधानी कायफंग. दक्षिणेकडून करापोटी जमा झालेलं धान्य महाकालव्यातून नावांनी राजधानीकडे जायचं. कालव्यात जिथे पाण्याची पातळी बदलायची, तिथे बांध घातलेला असायचा आणि त्याला दोन्ही बाजूंनी उतार. नाव दोरखंडांनी ओढत त्या उतारावरून वर चढवायची आणि पलीकडे खाली सोडायची. भरलेली नाव अशी जमिनीवरून ओढली तर काय होणार? तळ फुटायचा, फळ्या निखळायच्या, धान्य सांडायचं. आणि नेमक्या त्याच जागी चोर दबा धरून बसलेले असायचे. नाव ओढणाऱ्या माणसांतलेच काहीजण त्यांना सामील. नाव फुटली की धान्य गायब.

ह्वायनानच्या भागात वाहतूक खात्यात एक अधिकारी होता, चियाव वेइयुए. सरकारी धान्य जातं कुठे, हे शोधायचं काम त्याच्याकडे आलं. दुसरा कुणी असता तर त्याने पहारेकरी वाढवले असते, चारदोघांना फटके मारवले असते. चियावने चोरीची जागा पाहिली. नाव पाण्याबाहेर येते म्हणून फुटते आणि फुटते म्हणून लुटली जाते. मग नाव पाण्याबाहेर काढायचीच नाही! त्याने कालव्यात पन्नासेक पावलांच्या अंतरावर दोन दरवाजे बसवले. वर उचलून उघडायचे, टांगते दरवाजे. मधल्या जागेवर मांडवासारखं मोठं छप्पर घातलं. नाव आत घेतली की दरवाजे पाडायचे. पाणी भरतीसारखं हळूहळू चढू द्यायचं, हवी ती पातळी आली की पुढचा दरवाजा उचलायचा. नाव तरंगत आत येणार आणि तरंगतच बाहेर जाणार. त्या काळच्या नोंदी सांगतात की चोरी थांबली आणि नावा विनाअडथळा जाऊ लागल्या.

मालाची चोरी रोखायची तर माल जितक्या कमी वेळा हाताळावा लागेल तितकं बरं, हे त्या माणसाला हजार वर्षांपूर्वी कळलं होतं. आपल्याकडे अजून आधी कुलूप वाढवतात, मग रखवालदार, आणि शेवटी रखवालदारावर रखवालदार. रेशनच्या धान्याच्या बातम्या वाचताना मला दर वेळी चियाव आठवतो. अशा कारकुनी खात्यातल्या माणसांचे पुतळे कुणी उभारत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

असो. पुढे युरोपात टांगत्या दरवाजांच्या जागी टोकदार जोडणीची दोन कवाडं आली. त्याचं श्रेय मिलानच्या कालव्यांवर काम करणाऱ्या लिओनार्दो दा विंचीला देतात. दोन्ही कवाडं मिटली की त्यांचं टोक जास्त पाण्याच्या बाजूला येतं. पाणी जितकं रेटेल, तितकी कवाडं एकमेकांवर घट्ट बसतात. अडसर लावायची गरजच नाही.

आता आपल्या गोदीकडे येऊ. ओहोटीच्या वेळी जहाज येतं. बाहेरचा दरवाजा उघडा, हौदातलं पाणी समुद्राइतकंच खाली. टग जहाजाला आत आणतात, खलाशी दोरखंड काठावरच्या खांबांना बांधतात. बाहेरचा दरवाजा बंद. मग गोदीतलं पाणी हौदात सोडतात. जहाज चढतं, त्यासोबत दोरखंड सैल पडतात, ते ओढून घ्यावे लागतात. पाणी सारखं झालं की आतला दरवाजा उघडतो. बाहेरचा बंद, पाणी वर, मग आतला उघडा. भरतीची वाट पाहायची गरज उरत नाही.

हौद केवढा? लांबी ७५० फूट, रुंदी १०० फूट. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पनामा कालवा सुरू झाला. त्याचे हौद १,००० फूट लांब, ११० फूट रुंद. म्हणजे रुंदीत आपण फक्त दहा फुटांनी मागे, आणि सुरू मात्र पाच महिने आधी झालो. पनामा शाळेत सगळे शिकतात. मुंबईतल्या मुलांना हे लॉकगेट दाखवायला कुणी नेत नाही. आपल्याला समुद्र म्हटलं की मरीन ड्राइव्ह आणि जुहू एवढंच दिसतं. ज्या किनाऱ्याने शहराला पोसलं, तो पूर्वेचा किनारा मात्र भिंतीआड राहिला. ही गोदी खोदताना निघालेल्या भरावावर बॅलार्ड इस्टेट उभी आहे, हे तिथे रोज नोकरीला जाणाऱ्यांनाही माहीत नसतं.

प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या दोन्ही गोद्या आता बुजवून टाकल्या आहेत. मोठी कंटेनर जहाजं न्हावा-शेव्याला जातात. तिथे खोल खाडी उपसून धक्के उघड्यावरच बांधले आहेत, दरवाजांची भानगड नाही. इंदिरा गोदीचं लॉकगेट मात्र उरलं आहे. बाहेरचं पाणी तीन मीटर खाली असेल, तर हौद एकदा भरायला सुमारे दोन कोटी लिटर पाणी लागतं. ते गोदीतूनच जातं, म्हणून गोदीची पातळी राखायला पंपांनी समुद्राचं पाणी पुन्हा आत भरावं लागतं.