जाड, गोल अक्षरे आणि बडोद्याची दुलिपी पाटी

बडोद्यात दांडिया बाजारातून रावपुऱ्याकडे जाताना पाट्या वाचत गेले, तर मिठाई, आइस्क्रीम आणि लहान मुलांचे कपडे विकणाऱ्यांचा ओढा जाड, गोल टोकांच्या अक्षरांकडे असल्याचे जाणवते. अशा अक्षरांत ग्राहकाशी सलगी करण्याचा गुण आहे आणि त्याचा मोह मोटारवाल्यांनाही आवरला नाही. फोक्सवॅगनने १९७९ च्या सुमारास आपल्या विक्रेत्यांसाठी ‘व्हॅग राउंडेड’ हा टंक (फॉन्ट) वापरात आणला, तो याच जातकुळीचा.

रोमन लिपीत ही जाडी सहज पेलली जाते. देवनागरीत मात्र पेच पडतो. ‘श्रीखंड’ हाच शब्द जवळून पाहू. ‘श्र’मधील तिरपी रेघ, वेलांटी, ‘ख’च्या पोटातली पोकळी, अनुस्वाराचा ठिपका आणि या सर्वांना वरून बांधणारी शिरोरेषा एवढा ऐवज इथे दाटीवाटीने बसलेला असतो; सगळ्या रेषा सरसकट फुगवल्या, की पोकळी बुजते आणि ठिपका शिरोरेषेला चिकटतो. म्हणून जाणता अक्षररचनाकार उभा दंड भरदार ठेवून शिरोरेषा थोडी हलकी करतो आणि दोन रेषा मिळतात तिथे काळा गोळा दिसू नये यासाठी सांध्यापाशी त्यांना निमुळते करतो. गोल टोक सपाट टोकापेक्षा डोळ्यांना आखूड भासते, त्यामुळे ते मापाबाहेर केसभर काढावे लागते. संगणकावर नुसते कोपरे घासून हे साधत नाही.

‘एक टाइप’ या संस्थेच्या ‘मोदक’ टंकात ही कसरत टोकाला नेलेली आहे. त्यातील अक्षरे इतकी गुबगुबीत आहेत, की आतली पोकळी पांढऱ्या चिरेपुरतीच उरते. मोठ्या फलकावर ते देखणे दिसते. व्हिजिटिंग कार्डावर पत्ता याच टंकात छापू पाहणाऱ्याला मात्र कोणीतरी वेळीच आवरलेले बरे.

बडोद्यात आणखी एक अडचण येते, कारण दुलिपी पाटीवर देवनागरी आणि गुजराती या दोन्ही लिप्या एकत्र येतात. गुजरातीला शिरोरेषा नाही, त्यामुळे दोन्ही लिप्यांत रेषांची जाडी सारखी ठेवली, तरी देवनागरी ओळ अधिक काळी दिसते आणि गुजराती ओळ वरून उघडी पडते. मापपट्टीने जुळलेली पाटी डोळ्यांना जुळत नाही. ‘एक टाइप’च्याच ‘बालू’ या देवनागरी टंकाला ‘बालू भाई’ हे गुजराती भावंड आहे आणि दोघांची ठेवण एकमेकांना धरून असल्याने दुलिपी पाटीसाठी ही जोडी सोयीची ठरते. दोन्ही टंक मुक्त परवान्याखाली विनामूल्य मिळतात.

पाटी आतून उजळणारी असेल, तर टंकाचे सर्वांत जाड वजन (रेषांच्या जाडीची पायरी) टाळावे, कारण गडद पार्श्वभूमीवरचा प्रकाश कडांबाहेर पसरतो आणि दिवसा स्वच्छ वाचता येणारा ‘ख’ रात्री भरून जातो. ‘बालू’च्या पुढच्या आवृत्तीत, ‘बालू २’मध्ये, पाच वजने आहेत, अशा पाटीला त्यांतले एखादे मधले वजन पुरते.