यंत्र सुधारलं की नाव कसं बदलावं?

नमस्कार श्रोतेहो.

भुसावळ स्टेशनात मालगाडी थांबली की इंजिनावरची अक्षरं एकदा नीट वाचा. डब्ल्यूएजी-९एच. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, ए म्हणजे एसी विजेवर चालणारं, जी म्हणजे मालगाडीचं, नऊ हा मॉडेलचा आकडा. राहिला शेवटचा एच. मूळ डब्ल्यूएजी-९ चं वजन १२३ टन. जड गाडी ओढताना चाकं रुळावर जागच्या जागी फिरू नयेत, पकड यावी, म्हणून त्यात मुद्दाम वजन भरून ते १३५ टनांचं केलं. त्या जडपणाचा, म्हणजे हेवीचा, हा एच. काय अडलं आणि त्यावर काय उपाय केला, ते एका अक्षरात आलं.

विज्ञानकथांमध्ये युद्धयंत्रं असतात, त्यांच्या सुधारित आवृत्त्या निघतात आणि त्यांना नवी नावं मिळतात. त्या नावांबद्दल मला आज बोलायचं आहे. पोरखेळ म्हणून हा विषय बाजूला सारू नका. कथेतलं जग खरं वाटतं की नाही, हे बऱ्याचदा या नावांवर ठरतं.

याचा सर्वांत भरीव नमुना जपानचा. १९७९ साली तिथल्या दूरचित्रवाणीवर योशियुकी तोमिनो यांनी दिग्दर्शित केलेली ‘मोबाइल सूट गंडम’ ही मालिका सुरू झाली. पाच-सहा मजली इमारतीएवढी उंच, माणसासारख्या घडणीची यंत्रं, आत बसलेला चालक, आणि पृथ्वीचा महासंघ विरुद्ध अंतराळातलं झिऑन नावाचं राष्ट्र असं युद्ध. झिऑनचं मुख्य यंत्र झाकू. पहिल्याचा क्रमांक एमएस-०५, सुधारलेल्याचा एमएस-०६. नवा आला आणि आधीचा आपोआप ‘जुना झाकू’ झाला.

खरी गंमत पुढच्या अक्षरांत आहे. एमएस-०६सी म्हणजे सुरुवातीचा झाकू, अण्वस्त्रांच्या किरणोत्सर्गापासून बचाव करणारं अस्तर असलेला. ते काढून टाकलं, यंत्र हलकं झालं, त्याचा एफ झाला आणि हाच एफ ढिगानं बनला. पृथ्वीवर लढायचं तर अंतराळातलं सामान कशाला वागवायचं? ते उतरवून जमिनीवरच्या लढाईसाठी जुळवून घेतला, तो जे. अधिकाऱ्यांसाठी जास्त ताकदीचा, तो एस. शार अझ्नाबल या पात्राचा लाल झाकू याच एस प्रकारातला. ही अक्षरं ओळीनं वाचली की युद्ध कुठून कुठे गेलं ते कळतं. आधी अण्वस्त्रांची भीती, मग कारखान्यातली घाई, मग पृथ्वीवर उतरणं. लेखकाला त्यासाठी वेगळं पान खर्ची घालावं लागत नाही.

१९९१ च्या ‘गंडम ००८३’ मधलं एक यंत्र मला फार आवडतं. नाव जीपी-०१. ते होतं जमिनीवरच्या जुळणीचं, आणि तसंच अंतराळात लढायला उतरवलं गेलं. तिथे तोल सावरेना, शत्रूनं पार मोडून टाकलं. मग चंद्रावरच्या फॉन ब्राउन शहरात दुरुस्तीला गेलं. पाठीवर यंत्राला ढकलणारे नवे झोत बसवले, खांद्यांवरही बसवले, आणि बाहेर आलं ते जीपी-०१एफबी होऊन. मागची दोन अक्षरं ‘फुल बर्नर्न’ची, म्हणजे अंगभर झोत असलेलं. मार खाल्ला म्हणून ही अक्षरं लागली, आणि मूळचा ०१ कुणी पुसला नाही.

आता याच विश्वातली दुसरी बाजू. महासंघाचं साधं, स्वस्त, हजारो सैनिकांच्या वाट्याला आलेलं यंत्र म्हणजे जीएम, क्रमांक आरजीएम-७९. युद्ध संपलं. काही वर्षांनी त्याच सांगाड्यात चालकाभोवती सगळीकडचं दृश्य दाखवणारी नवी कॅबिन बसवली, इकडचं तिकडचं सुधारलं आणि नाव दिलं ‘जीएम दोन’. पुढे त्याचंच ‘जीएम तीन’ केलं. नुसते आकडे! काय बदललं, कशासाठी बदललं, काही कळत नाही. समोर नव्या घडणीची यंत्रं उभी असताना जुन्या सांगाड्यात बसवलेल्या चालकाला त्या ‘दोन’चा काय आधार? पण कथाकारांनी हे नाव असं ठेवलं ते बरोबरच केलं, असं माझं ठाम मत आहे. पैसा वाचवू पाहणारं सरकार जुन्या मालाला असंच नाव देणार. नावातलं झाकणंसुद्धा कथाच सांगतं.

खऱ्या जगात दोन्ही रीती दिसतात. आपल्या हवाई दलाची १२५ मिग-२१ बिस विमानं सुधारून घेतली, नवं रडार, नवी क्षेपणास्त्रं बसवली आणि त्यांचं नाव झालं बायसन. काय बदललं ते त्यातून कळत नाही. सुखोई-३०एमकेआय मधला आय मात्र भारतासाठीचा आहे, साधा आणि स्पष्ट.

त्याच्याही मागे जायचं तर तोफांकडे जावं लागेल. दौलताबादवरची मेंढा तोफ, जंजिऱ्यावरची कलाल बांगडी, १५४९ साली अहमदनगरला ओतलेली आणि आता विजापूरला असलेली मलिक-ए-मैदान. या एकेकट्या ओतलेल्या तोफा, म्हणून प्रत्येकीला माणसासारखं स्वतःचं नाव. एका साच्यातून शेकडो नग निघायला लागले की क्रमांक येतो. आणि क्रमांक आला तरी सैनिक आपल्या यंत्राला हाक मारायला नाव शोधतोच. चांगल्या विज्ञानकथेत कागदावरचं आणि तोंडातलं, अशी दोन्ही नावं असतात.

खानदेशातली कितीतरी मुलं आता मराठीत विज्ञानकथा लिहू पाहतात. त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. उसने इंग्रजी आकडे चिकटवू नका, ‘सुपर’ आणि ‘अल्ट्रा’ तर नकोच. आधी यंत्र अडवा. समजा तुमच्या कथेत तापीकाठी पहारा देणारं यंत्र आहे, तापी-३. आषाढात यावल-रावेरच्या काळ्या जमिनीत ते गुडघ्यापर्यंत रुतलं. पावलं रुंद केली, वजन कमी केलं. आता ते तापी-३चि. चि चिखलाचा. पुढे सातपुड्यात चढ चढताना इंजिन तापलं, थंड करायची सोय वाढवली, तर तापी-३चिघा, घा घाटाचा. दोन अक्षरांत दोन प्रसंग आले, आणि प्रत्येक अक्षरामागे कुणीतरी रात्रभर जागून केलेलं काम आलं. कोठारातल्या नोंदवहीत हेच नाव पडेल. चालक अहिराणी बोलणारा असेल तर तो त्याला ‘डोकरी’, म्हणजे म्हातारी, म्हणेल. कथेत तेही लिहा.

नमस्कार.