शिट्टी न वाजवणारे कोच

नमस्कार मंडळी. एवढ्या बर्फात गाड्या काढून आलात, त्यात बटाटेवड्याचा वाटा किती आणि माझा किती, ते विचारत नाही.

पत्रिकेत विषय छापलाय ‘लहान कॉलेजं खेळ कसे चालवतात’. त्याकडे येतो. पण त्याआधी जॉन गलार्डी. आपण मिनेसोटाकर, त्यामुळे नाव ऐकलेलं असेलच. इथून दीडेक तासावर कॉलेजव्हिल, बेनेडिक्टाइन या ख्रिस्ती पंथाच्या साधूंचा मठ आणि त्यांचं सेंट जॉन्स कॉलेज. तिथे हा माणूस १९५३ ते २०१२ फुटबॉल शिकवत होता, म्हणजे अमेरिकन फुटबॉल, हाताने चेंडू घेऊन पळायचा आणि एकमेकांना आडवं पाडायचा. साठ हंगाम! आपल्यात कोणी एका नोकरीत सहा वर्षं टिकलं तरी नातेवाईक विचारतात, ‘बरं आहे ना सगळं?’

गोष्ट सुरू होते १९४३ मध्ये, कोलोरॅडोतल्या ट्रिनिडाड गावात. वडील इटलीहून आलेले, लोहारकाम करणारे. शाळेचे कोच महायुद्धावर गेले आणि शाळा फुटबॉल बंद करायला निघाली. सोळा वर्षांचा जॉन म्हणाला, मी शिकवतो. आणि शिकवलं म्हणजे काय केलं? जे जे स्वतःला छळ वाटायचं, ते बंद केलं. मैदानाच्या फेऱ्या बंद, कवायत बंद, बदकासारखं उकिडवं चालणं बंद. सरावात पाणी प्यायला परवानगी! तेव्हा पाणी मागणारा नाजूक समजला जायचा. आणि संघ जिंकायला लागला.

इथे मला जरा माझं गाऱ्हाणं मांडू द्या. आमच्या शाळेत पीटीचे एक सर होते. त्यांच्या गळ्यात शिट्टी आणि हातात छडी. खो-खोत पोरगं बाद झालं की मैदानाला तीन फेऱ्या, आणि नळ मात्र तास संपल्यावर. त्यातून कोणी खेळाडू झाला नाही. दोघेतिघे आयटीत गेले, तेही बहुधा बसून करायचं काम म्हणून. हसताय, म्हणजे तुमच्याही शाळेत असेच सर होते!

तर गलार्डींनी हे शाळकरी पोराचं शहाणपण म्हातारपणापर्यंत सोडलं नाही. सेंट जॉन्सला सरावात शिट्टी नाही. टॅकलिंग नाही, म्हणजे आपल्याच गड्याला आडवं पाडायचं नाही. कोच म्हणायचं नाही, जॉन म्हणायचं. (आपल्याकडे सरांना ‘ए सुधाकर’ म्हणून बघा.) डास फार झाले की सराव आटोपता. आपल्या इथले डास ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना यात आळस दिसणार नाही. आणि सगळ्यात लाडका व्यायाम म्हणजे गवतावर उताणं पडून शेजाऱ्याला सांगायचं, ‘काय छान दिवस आहे!’

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं. सात मिनिटं. बरं, मूळ विषय.

सेंट जॉन्स खेळतं एनसीएएच्या, म्हणजे कॉलेजांचे खेळ चालवणाऱ्या अमेरिकेतल्या संघटनेच्या, तिसऱ्या विभागात. १९७३ मध्ये हा विभाग झाला आणि इथे खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही. म्हणजे पोरगा फी भरून येतो, त्याला पैशाने बांधून ठेवता येत नाही. उद्या कंटाळला तर संघ सोडेल, कॉलेजात राहील. माझं म्हणणं एवढंच, की गलार्डींची पद्धत हा निव्वळ चांगुलपणा नव्हता, तो व्यवस्थापनाचा हिशेब होता. येईल त्याला संघात घ्यायचं, कोणाला काढायचं नाही. संघ दीडशेच्या वर जायचा. सरावात हाडं मोडली नाहीत की शनिवारी अकरा गडी धड उभे राहतात.

आकडे पटापट सांगतो: ४८९ विजय, १३८ पराभव, ११ बरोबरी. राष्ट्रीय विजेतेपदं चार: १९६३, १९६५, १९७६, २००३. त्या २००३ मध्येच ग्रॅम्बलिंग विद्यापीठाचे कोच एडी रॉबिन्सन यांचा ४०८ विजयांचा विक्रम मोडला, बेथेलच्या संघाला २९–२६ असं हरवून. मग अंतिम सामन्यात माउंट युनियनची सलग ५५ विजयांची मालिका तोडली, २४–६. डार्टमथ कॉलेजने सरावातलं टॅकलिंग बंद केलं ते २०१० मध्ये आणि ते ज्यात खेळतं त्या आठ नामांकित विद्यापीठांच्या आयव्ही लीगने हंगामातल्या सरावापुरतं २०१६ मध्ये. गलार्डी २०१८ मध्ये गेले, ९१ वर्षांचे होऊन. हे दोन्ही निर्णय त्यांच्या हयातीतच झाले.

आता कोणी म्हणेल, कीर्ती झाल्यावर चांगली पोरं आपोआप येतात. खरं आहे, नंतरच्या विजयांत त्याचा वाटा असणारच. पण ट्रिनिडाडच्या त्या पोराला कुठली कीर्ती होती?

खर्चाची बाजू राहिलीच. ती चहाच्या वेळी विचारा. आणि हे क्रिकेटला लागू पडतं का, हे मात्र कृपा करून विचारू नका, दुसरं व्याख्यान द्यावं लागेल.