उपकरणाने नेमकं काय पाहिलं?

प्रयोगशाळेतलं गणित समोर आलं की बहुतेक विद्यार्थी आधी सूत्र शोधतात. माझा आग्रह असतो की त्याआधी एक प्रश्न विचारा: उपकरणाने नेमकं काय पाहिलं?

उदासिनीकरणाचा प्रयोग घेऊ. थर्मोकोलच्या पेल्यात १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल ५० मिलिलिटर घेतलं, त्यात तेवढंच आणि तेवढ्याच संहतीचं सोडियम हायड्रॉक्साइड ओतलं. दोन्ही द्रावणं २५.० अंश सेल्सिअसला होती, मिसळल्यावर तापमान ३१.७ वर गेलं. आता बघा, तापमापीला अभिक्रिया दिसतच नाही. तिला दिसतं फक्त भोवतालचं पाणी. पाण्याच्या खात्यात जी उष्णता जमा झाली, ती अभिक्रियेच्या खात्यातून गेली. म्हणून एन्थॅल्पीतल्या, म्हणजे अभिक्रियेच्या उष्णतेच्या खात्यातल्या, बदलाला उणे चिन्ह लागतं. ते पाठ करायची गरजच नाही.

मग तापलं किती? इथेच उत्तरं निम्मी होतात, कारण मुलं ५० ग्रॅम धरतात. तापलं ते सगळं मिश्रण, म्हणजे सुमारे १०० ग्रॅम. १०० गुणिले ४.१८ (एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापवायला लागणारे जूल) गुणिले ६.७, म्हणजे साधारण २८०० जूल. अभिक्रिया झाली ०.०५० मोलची. भागाकार केला की उत्तर येतं उणे ५६ किलोजूल प्रति मोल. पुस्तकातला आकडा उणे ५७ च्या आसपास असतो. उरलेली उष्णता थोडी पेल्याने घेतली, थोडी हवेत गेली. म्हणूनच तापमान आणि वेळ यांचा आलेख काढून उतरती रेषा मिसळण्याच्या क्षणापर्यंत मागे वाढवतात.

आता माझा आवडता प्रश्न. आम्ल ५० ऐवजी १०० मिलिलिटर घेतलं तर? वर्गातून हमखास उत्तर येतं, तापमान जास्त चढेल. पण अल्कली, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, अजून ०.०५० मोलच आहे, ती संपली की अभिक्रिया थांबली. उष्णता तीच २८०० जूल, आणि ती वाटली गेली १५० ग्रॅममध्ये. तापमान चढेल जेमतेम साडेचार अंश. एन्थॅल्पी मात्र तीच, उणे ५६. तापमान आणि उष्णता यांतला फरक एवढ्या स्वच्छपणे दाखवणारं दुसरं उदाहरण मला सापडलेलं नाही.

प्रकाशाकडे वळू. द्रावण किती प्रकाश अडवतं हे मोजणाऱ्या स्पेक्ट्रोफोटोमीटरलाही रंगद्रव्य दिसत नाही. त्याला दिसतो द्रावणातून पार होऊन उरलेला प्रकाश. किती प्रकाश अडला हे सांगणारा आकडा म्हणजे शोषण. मग शोषणाच्या सूत्रात लॉगरिदम कशासाठी? द्रावणाचे सारख्या जाडीचे थर कल्पा. पहिल्या थराने निम्मा प्रकाश सोडला. दुसरा थर मूळ प्रकाशाचा निम्मा नाही, आलेल्याचा निम्मा सोडतो; उरला पाव. तिसऱ्यानंतर एक अष्टमांश. असे हिस्से गुणले जातात आणि लॉगरिदम गुणाकाराची बेरीज करतो: ०.३०, ०.६०, ०.९०. आता मात्र आकडा जाडीच्या सरळ प्रमाणात आला. हे बूगेर यांनी १७२९ मध्ये आणि लॅम्बर्ट यांनी १७६० मध्ये जाडीबाबत मांडलं. संहतीचा भाग बेअर यांनी १८५२ मध्ये जोडला.

एक गणित करू. समजा १ सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये (द्रावण ठेवायच्या पारदर्शक डबीत) ०.१० मिलिमोलर प्रमाण द्रावणाचं, म्हणजे संहती आधीच माहीत असलेल्या द्रावणाचं, शोषण ०.२४ आलं, ०.२० मिलिमोलरचं ०.४८. रेषा सरळ आहे, दर मिलिमोलरला २.४. अज्ञात द्रावण गडद होतं, म्हणून ५ मिलिलिटर घेऊन ५० पर्यंत विरल केलं. वाचन आलं ०.३६. भागिले २.४, म्हणजे ०.१५ मिलिमोलर.

विरल का केलं? मूळ द्रावणाचं शोषण ३.६ निघालं असतं. म्हणजे प्रकाशाच्या चार हजार भागांतला एकच भाग पलीकडे पोचला असता, आणि इतक्या क्षीण प्रकाशावरचं वाचन भरवशाचं नसतं. ०.३६ ला जवळपास ४४ टक्के प्रकाश पोचतो. ब्लँक, म्हणजे रंगद्रव्याशिवाय नुसतं द्रावक भरलेला क्युव्हेट, तोही अशाच कारणासाठी: क्युव्हेटची काच, द्रावक, हाताचे ठसे, सगळेच थोडाथोडा प्रकाश अडवतात. ठसे पुसून टाकायचे, काच आणि द्रावक यांचा वाटा ब्लँकने वजा करायचा.

आणि ०.१५ लिहून वही मिटू नका. ते उपकरणाने पाहिलेलं, विरल केलेलं द्रावण आहे. विचारलंय बाटलीतल्या द्रावणाबद्दल. ते दहापट, म्हणजे १.५ मिलिमोलर.