हसू न येणे आणि हसण्याजोगे नसणे

अध्यक्ष महोदय, वाचनालयाचे पदाधिकारी आणि फोंडा परिसरातून अगत्याने आलेल्या श्रोत्यांनो,

आपल्या आधीच्या पिढीतील गानरसिकांमध्ये केरीच्या केसरबाई थोर की कुर्डीच्या मोगूबाई थोर, असा वाद रंगत असे. दोघीही गोव्याच्या, दोघीही अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या, आणि तरीही श्रोत्यांचे पक्ष वेगळे. त्या वादातली एक गोष्ट माझ्या आजच्या विषयासाठी महत्त्वाची आहे. केसरबाईंचा कट्टर चाहतासुद्धा मोगूबाईंना गाता येत नाही असे कधी म्हणत नसे. मला हिचे गाणे अधिक भिडते, एवढाच त्याचा दावा असे. स्टँड-अप कॉमेडीबद्दल बोलताना हा संयम आपण सहज सोडून देतो. एखाद्या कलाकाराला आपण हसलो नाही की लगेच ‘यात विनोदच नाही’ असा निकाल देतो आणि जो हसला त्याच्या बुद्धीविषयी, संस्कारांविषयी किंवा वयाविषयी शंका घेतो. घरात वडील पु. ल. देशपांड्यांवर थांबलेले असतात, मुलगी जाकिर खानचे कार्यक्रम पाहते, धाकट्याला त्याहून तिखट काहीतरी हवे असते, आणि तिघांनाही उरलेल्या दोघांची कीव वाटते. या कलाप्रकारात आवडीचे भेद इतके बोचरे का होतात आणि त्यांकडे कसे पाहावे, याविषयी मला बोलायचे आहे.

पहिले कारण कलाप्रकाराच्या घडणीतच आहे. आपल्याला एकट्याने रंगमंच भरून टाकणारे कलावंत नवे नाहीत. पु. ल. एकट्याने ‘बटाट्याची चाळ’ उभी करीत, आणि लक्ष्मण देशपांडे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये एकटेच ५२ पात्रे साकारत. पण या प्रयोगांत कलावंत आणि आपण यांच्यामध्ये पात्रे उभी असत. एखादे पात्र नावडले तरी ते उभे करणाऱ्याची कारागिरी आवडू शकत असे. स्टँड-अप कलाकार हा आडपडदा काढून टाकतो. तो माईक हातात घेऊन ‘मी’ म्हणून बोलतो. त्याचे लग्न, त्याचे आईवडील, त्याची भीती, त्याचे राजकारण हाच त्याचा ऐवज असतो. तो ‘मी’देखील रचलेलाच असतो, महिनोन्महिने लहान कार्यक्रमांत घासूनपुसून तयार केलेला असतो, हे खरे, पण प्रेक्षक त्याला माणूस म्हणूनच भेटतो. म्हणून एखादा स्टँड-अप कलाकार आवडणे हे एखादी कलाकृती आवडण्यापेक्षा एखाद्या माणसाशी सूर जुळण्याच्या अधिक जवळचे असते. आपल्या मित्राला कोणी नाक मुरडले तर आपल्याला जसे लागते, तसेच इथेही लागते.

दुसरे कारण हसण्याच्या स्वभावात आहे. शोकात्म नाटक पाहून डोळ्यांत पाणी आले नाही, तरी ‘प्रयोग चांगला होता’ असे आपण प्रामाणिकपणे म्हणू शकतो. विनोदाच्या बाबतीत शरीर आधी कौल देते आणि विचार मागून येतो. हसू मागून आणता येत नाही, समजावून उत्पन्न करता येत नाही. हा कौल इतका तत्काळ आणि इतका स्पष्ट असतो की तो आपल्याबद्दलचा आहे हे विसरून तो विनोदाबद्दलचाच आहे असे आपण धरून चालतो.

भरताच्या नाट्यशास्त्रात हास्याचे सहा प्रकार सांगितले आहेत: स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित. दात न दाखवता केलेल्या मंद स्मितापासून डोळ्यांत पाणी आणणाऱ्या, अंग हलवून टाकणाऱ्या हसण्यापर्यंतचा हा क्रम शरीराच्या सूक्ष्म निरीक्षणातून आला आहे आणि आजही तो जसाच्या तसा पडताळून पाहता येतो. पण भरताने या प्रकारांची माणसांच्या प्रकृतींशी सांगड घातली: पहिले दोन उत्तम प्रकृतीच्या माणसांचे, मधले दोन मध्यमांचे आणि शेवटचे दोन अधमांचे. रंगभूमीवर पात्र उभे करणाऱ्या नटासाठी ही विभागणी उपयोगी असेलही. रसिकांची प्रतवारी म्हणून मात्र मला ती मुळीच मान्य नाही. जो गृहस्थ या सभागृहात मंद स्मित करतो, तोच जत्रेच्या रात्री दशावतारी काल्यात संकासुर बोलू लागला की खदाखदा हसतो. त्याची प्रकृती वाटेत बदलत नाही. बदलतात ते स्थळ, सोबत आणि त्याने स्वतःला दिलेली मुभा. गडगडाटी हसवणारा जॉनी लिव्हर आणि निर्विकार चेहऱ्याने एकेका वाक्यात विनोद संपवणारा अमेरिकन कलाकार स्टीव्हन राइट हे दोघेही एकाच माणसाला आवडू शकतात, फक्त एकाच संध्याकाळी बहुधा नाही.

सोबतीचा मुद्दा अधिक खोलात जाऊन पाहण्यासारखा आहे. आंरी बेर्गसाँ या फ्रेंच तत्त्वज्ञाने १९०० साली हास्यावरील आपल्या निबंधात एक गोष्ट सांगितली आहे. चर्चमधले प्रवचन ऐकून सगळे रडत असताना एक माणूस कोरडा बसलेला होता. तू का रडत नाहीस, असे विचारल्यावर तो म्हणाला की मी या पॅरिशचा, म्हणजे या चर्चच्या वस्तीचा नाही. रडण्याबद्दल त्या माणसाने जे म्हटले ते हसण्याबद्दल कितीतरी अधिक खरे आहे, असे बेर्गसाँचे म्हणणे. गोव्यात ही गोष्ट कोणाला समजावून सांगावी लागणार नाही. १८९२ साली मुंबईत सुरू झालेल्या तियात्र या कोंकणी नाट्यप्रकाराच्या परंपरेत पडद्यांच्या अधेमधे कांतारां गायली जातात. त्यांतला राजकीय टोमणा सासष्टीतल्या प्रेक्षकाला पहिल्या ओळीतच पोचतो आणि तो टाळ्यांनी सभागृह डोक्यावर घेतो. शेजारी बसलेल्या फोंड्याच्या मराठी वाचकाला कोंकणी शब्द सगळे कळतात, पण कोणत्या गावच्या कोणत्या प्रकरणाला हात घातला आहे ते कळेपर्यंत पुढचे कडवे सुरू झालेले असते. तो मंद नाही आणि कांतारही कच्चे नाही.

रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकन संशोधकाने माणसे कधी हसतात याच्या नोंदी घेतल्या, तेव्हा माणूस एकटा असताना हसतो त्याच्या सुमारे ३० पट चारचौघांत हसतो असे त्याला आढळले. आज आपण बहुतेक कलाकारांना पहिल्यांदा भेटतो ते मात्र मोबाइलवर, एकटे असताना, एका मिनिटाच्या क्लिपमधून. तासाभराच्या कार्यक्रमात सुरुवातीला टाकलेला एखादा किरकोळ उल्लेख चाळीस मिनिटांनी परत येतो आणि तेव्हा सभागृह उसळते. क्लिपमध्ये तो परत येणारा उल्लेख नुसताच दिसतो, त्याच्या आधीची पेरणी दिसत नाही. जाकिर खान दीर्घ गोष्ट सांगणारा कलाकार आहे. त्याच्या गोष्टीतला एक तुकडा पाहून त्याला नाकारणे म्हणजे विलंबित ख्यालाची दोन आवर्तने ऐकून उठणे होय. आपली पुष्कळशी नावड ही कलाकाराची नसून क्लिपची असते, असे माझे मत आहे.

वयाचे म्हणाल तर डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने १७५७ सालीच ते नोंदवून ठेवले आहे. विशीत माणसाला रोमन प्रेमकवी ओव्हिड आवडतो, चाळिशीत होरेस हा कवी आणि पन्नाशीत इतिहासकार टॅसिटस, असे तो अभिरुचीवरील निबंधात म्हणतो, आणि आपल्या वयाला व स्वभावाला जवळ असलेल्या लेखकाकडे आपण ओढले जाणे यात त्याला काही दोष दिसत नाही. मात्र याच निबंधात, सगळ्या आवडी सारख्याच असे म्हणून ह्यूम थांबत नाही, आणि मीही थांबणार नाही.

‘मला हसू आले नाही’ हे एक विधान आहे आणि ‘हे हसण्याजोगे नाही’ हे अगदी वेगळे विधान आहे. पहिल्याला कोणाचीही परवानगी लागत नाही आणि त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. दुसरे विधान करणाऱ्याने मात्र कारणे दिली पाहिजेत: विनोद शिळा आहे, रचना ढिली आहे, तो खोट्या गृहीतकावर उभा आहे, किंवा तो दुबळ्याला आणखी दुबळे करतो. आपले घरगुती वाद तापतात, कारण पहिले विधान दुसऱ्याचा आवेश घेऊन येते.

याच गोंधळाने लेनी ब्रूस या अमेरिकन कलाकाराला १९६४ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयात अश्लीलतेसाठी दोषी ठरवले. त्या खटल्यात परवाना खात्याच्या एका निरीक्षकाने कार्यक्रमात बसून घेतलेली टिपणे न्यायालयात वाचून दाखवली. ब्रूसची तक्रार अशी होती की हा माणूस माझा कार्यक्रम वाईट रीतीने सादर करतो आहे आणि तुरुंगात मात्र मी जाणार आहे. ती तक्रार मला विनोदाच्या समीक्षेतले अतिशय नेमके निरीक्षण वाटते. शब्द तेच होते, पण लय, विराम, आवाज आणि समोरचा समूह नसल्यामुळे हसण्याजोगे काहीच उरले नव्हते. अपील पूर्ण होण्याआधीच १९६६ साली ब्रूसचा मृत्यू झाला. राज्याच्या गव्हर्नरांनी त्याला माफी दिली ती २००३ साली. याउलट जॉर्ज कार्लिन या अमेरिकन कलाकाराच्या सात निषिद्ध शब्दांचा खटला १९७८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, तेव्हा विनोद चांगला की वाईट हा प्रश्नच नव्हता. तो रेडिओवर दुपारी, मुले ऐकत असण्याच्या वेळी लावावा का, एवढाच प्रश्न होता. न्यायालयाचा निर्णय कोणाला पटो वा न पटो, प्रश्न योग्य जागी विचारला गेला होता.

आता माझे स्वतःचे मत. प्रेक्षकांतल्या एखाद्याला नाव, गाव, धंदा विचारून त्याच्यावर विनोद करण्याची जी पद्धत ‘क्राउड वर्क’ म्हणून लोकप्रिय झाली आहे, ती मला पुष्कळदा हसवते आणि तरीही तिचा बराचसा भाग हसण्याजोगा नाही असे मी म्हणेन. मुंबईच्या सभागृहात तो प्रेक्षक अनोळखी असतो आणि कार्यक्रम संपला की गर्दीत मिसळून जातो. गोव्यात तो मिसळत नाही. त्याच्या वाड्यावरची, त्याच्या ऑफिसातली माणसे त्याच रांगेत बसलेली असतात आणि विनोद त्याच्याबरोबर घरापर्यंत जातो. कांतारातला टोमणा मंत्र्याला बसतो, आणि मंत्र्याकडे उत्तर द्यायला व्यासपीठ असते. तिसऱ्या रांगेतल्या कारकुनाकडे ते नसते.

याच्या उलट अनुभव मला हॅना गॅड्सबी या ऑस्ट्रेलियन कलाकाराच्या ‘नॅनेट’ने दिला. २०१७ साली एडिंबरो महोत्सवाचा पुरस्कार विभागून मिळालेला हा कार्यक्रम २०१८ मध्ये नेटफ्लिक्सवर आला आणि ही कॉमेडी आहे की भाषण, असा वाद जगभर झाला. विनोद हा ताण निर्माण करून तो सोडवण्याचा खेळ आहे, असे गॅड्सबी त्यात समजावतात आणि मग शेवटच्या भागात तो ताण मुद्दाम सोडवत नाहीत. त्या भागात मी हसलो नाही. पण विनोदकाराने स्वतःवर विनोद करीत राहण्याची किंमत काय असते, हे मला त्या तासाने दाखवले, आणि स्टँड-अपच्या चौकटीतच ते दाखवता आले, याबद्दल मी त्या कार्यक्रमाला मोठा मानतो. हे आपल्याला पटले नाही तर कारणांसह जरूर सांगा.

शेवटी आपल्या मुलामुलींविषयी. अलीकडे मराठीत स्टँड-अप करणारी तरुण मंडळी वाढली आहेत आणि त्यांचे कार्यक्रम गोव्यातही होतात. त्यांतले पुष्कळ विनोद लोकल गाडीचे, पुण्यातल्या पेठांचे आणि पाट्यांचे असतात. आपण ते वाचून-पाहून शिकलेलो असल्यामुळे हसतो, पण अर्धा क्षण उशिरा हसतो. गोव्यातली मुले माईकसमोर उभी राहतात तेव्हा त्यांनीही हेच विषय उसने घ्यावेत, याचे मला वाईट वाटते. जत्रेतल्या ऐतिहासिक नाटकात औरंगजेब होणारा पंचायतीचा सचिव, घरात कोंकणी, शाळेत मराठी आणि नोकरीच्या अर्जात इंग्रजी असा तिहेरी संसार, पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या भोंप्याने सुरू होणारी सकाळ, कॅसिनोतली नोकरी आजीपासून लपवणारा नातू, हे सगळे अजून कोणी नीट सांगण्याची वाट पाहते आहे. कोणी ते आपल्या फोंडा-डिचोलीच्या मराठीत, कोंकणी शब्द न गाळता सांगितले, तर पुण्याच्या श्रोत्याला त्यातले निम्मे कळणार नाही आणि तो कदाचित हसणारही नाही. त्याच्यासाठी त्यांनी ते विनोद बदलू नयेत, अशी माझी त्यांना विनंती आहे.