मागे राहिलेल्या जोडीदाराची पेन्शन

निवृत्तिवेतन घेणारी व्यक्ती गेली की तिची पेन्शन आपोआप जोडीदाराच्या नावावर होते, असा समज पुष्कळ घरांत असतो. प्रत्यक्षात मृताची पेन्शन तिथेच संपते आणि जोडीदाराची पेन्शन हे एक स्वतंत्र, नवे प्रकरण म्हणून उघडले जाते. ज्या कार्यालयाशी आजवरचा संबंध दरमहा खात्यात जमा होणाऱ्या रकमेपुरताच होता, त्याच कार्यालयापुढे आता अर्जदार म्हणून उभे राहावे लागते. आपला जोडीदार गेला, आपला त्याच्याशी विवाह झालेला होता आणि ती व्यक्ती आपणच आहोत, हे तिथे कागदांनी सिद्ध करावे लागते. जुनी पेन्शन थांबणे आणि नवी सुरू होणे यांमध्ये जो काळ जातो, तोच या सगळ्या कागदपत्रांचा खरा विषय आहे.

पहिली पेन्शन नेमकी कुठे थांबते, याचे नियम देशोदेशी निराळे आहेत. भारतात केंद्र सरकारच्या निवृत्त कर्मचाऱ्याला मृत्यूच्या दिवसापर्यंतचे, तो दिवस धरून, निवृत्तिवेतन देय असते आणि जोडीदाराला मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन दुसऱ्या दिवसापासून लागू होते. अमेरिकेच्या सामाजिक सुरक्षा योजनेत मात्र ज्या महिन्यात मृत्यू होतो त्या संपूर्ण महिन्याची रक्कम मिळत नाही, मग तो मृत्यू महिन्याच्या शेवटच्या दिवशी झालेला असला तरीही. जर्मनीने याहून माणुसकीचा मार्ग काढला आहे. तिथे मृत्यूच्या महिन्यानंतरचे तीन महिने जोडीदाराला मृताच्या पेन्शनइतकीच पूर्ण रक्कम दिली जाते आणि कमी दराची पेन्शन त्यानंतर सुरू होते.

नियम कोणताही असो, मृत्यूची खबर पेन्शन देणाऱ्या कार्यालयाला लवकरात लवकर देणे हिताचे असते. खबर पोहोचेपर्यंत खात्यात पैसे जमा होत राहतात, घरच्या माणसांना ते आपलेच वाटतात आणि अंत्यविधीच्या किंवा रुग्णालयाच्या खर्चात ते संपूनही जातात. काही महिन्यांनी वसुलीचे पत्र येते, तेव्हा नवी पेन्शन अजून मंजूर झालेली नसते आणि जुन्या पेन्शनचे पैसे परत मागितले जात असतात. बँकेची गोष्ट थोडी वेगळी आहे. खाते मृताच्या एकट्याच्या नावावर असेल तर मृत्यूची नोंद होताच त्यातले व्यवहार थांबतात. त्यामुळे विजेचे देयक, विम्याचा हप्ता, घरभाडे यांपैकी काय काय त्या खात्यातून परस्पर वजा होते, याची यादी आधी करून ठेवावी.

मृत्यूचा दाखला हा या फाइलमधला पहिला कागद. भारतात मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत करायची असते, आणि दाखल्याच्या अधिकृत प्रती एकदमच जास्त घेऊन ठेवलेल्या बऱ्या. पेन्शन कार्यालय, बँक, विमा कंपनी आणि घराची कागदपत्रे, प्रत्येक ठिकाणी तो लागतो, आणि काही ठिकाणी दिलेली प्रत परत मिळत नाही.

मात्र प्रकरण सहसा अडते ते या दाखल्यावर नव्हे, तर नावावर. तीन कागद शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. विवाहाच्या दाखल्यावर पत्नीचे माहेरचे नाव आहे. पतीच्या सेवा अभिलेखात लग्नानंतरचे नाव आहे, पण आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त पडले आहे. ओळखपत्रावर मधल्या नावाचे फक्त आद्याक्षर आहे. घरातल्या कोणालाही ही एकच बाई आहे हे सांगावे लागत नाही, पण संगणकाच्या नोंदीत त्या तीन वेगळ्या व्यक्ती ठरतात. टेबलापलीकडच्या लिपिकाला दोष देणे सोपे आहे, तथापि चुकीच्या व्यक्तीला रक्कम गेली तर उत्तर त्यालाच द्यावे लागते. खटकते ते एवढेच, की जोडीदार हयात असताना त्याच्या एका सहीने जी दुरुस्ती झाली असती, तिच्यासाठी आता प्रतिज्ञापत्र, साक्षीदार आणि पुन्हा पुन्हा फेऱ्या लागतात, आणि हे सारे त्या घरातल्या सर्वांत थकलेल्या माणसाने करायचे असते.

याची उलट बाजूही आहे. केंद्र सरकारच्या पेन्शनधारकाला पेन्शन देण्याच्या आदेशात, म्हणजे पीपीओमध्ये (पेन्शन पेमेंट ऑर्डर), जोडीदाराचे नाव असेल आणि पेन्शनचे खाते दोघांचे संयुक्त असेल, तर बँकेला साधा अर्ज, मृत्यूचा दाखला, पीपीओची प्रत, वयाचा पुरावा आणि जादा रक्कम आल्यास परत करण्याची हमी एवढ्यावर काम भागते, आणि पैसे त्याच खात्यात येऊ लागतात. पीपीओत जोडीदाराची जन्मतारीखही आहे ना, हेसुद्धा पाहून घ्यावे. वयाच्या 80 व्या वर्षी कुटुंब निवृत्तिवेतनात 20 टक्क्यांची वाढ मिळते, आणि जन्मतारखेचा रकाना रिकामा असला तर ती वाढ द्यायची केव्हा हे कार्यालयाला कळत नाही.

रकमेबद्दलचे गैरसमजही कमी नाहीत. केंद्र सरकारच्या नियमांनुसार सर्वसाधारण कुटुंब निवृत्तिवेतन शेवटच्या वेतनाच्या 30 टक्के असते. निवृत्तीनंतर मृत्यू झाला तर सुरुवातीला ते वाढीव दराने मिळते, पण मृत्यूनंतरची सात वर्षे किंवा मृत व्यक्ती 67 वर्षांची झाली असती तो दिवस, यांपैकी जे आधी येईल तिथपर्यंतच. एखाद्या वर्षी रक्कम अचानक खाली येते तेव्हा बँकेने घोळ घातला असे वाटते, प्रत्यक्षात ती मुदत संपलेली असते. अमेरिकेच्या सामाजिक सुरक्षा योजनेत दोघांच्याही स्वतंत्र पेन्शन असतील तर मागे राहिलेल्याला दोन्ही मिळत नाहीत, त्यांतली मोठी तेवढी मिळते.

हा हक्क पूर्वापार चालत आलेला नाही, हेही लक्षात घ्यायला हवे. अमेरिकेचा सामाजिक सुरक्षेचा 1935 चा मूळ कायदा कामगारापुरताच होता. त्याच्या कुटुंबाला मासिक रक्कम देण्याची तरतूद 1939 मध्ये झाली. भारतातली केंद्र सरकारची कुटुंब निवृत्तिवेतन योजना 1964 ची आहे. कमावणारा पुरुष आणि मागे राहणारी स्त्री हे चित्र सुरुवातीच्या नियमांत गृहीत धरलेले होते. अमेरिकेतल्या स्टीफन वाइझेनफेल्ड यांची शिक्षिका पत्नी 1972 मध्ये बाळंतपणात गेली. तान्ह्या मुलाला सांभाळण्यासाठी त्यांनी जो भत्ता मागितला, तो विधवा मातांसाठीच असल्यामुळे त्यांना नाकारण्यात आला. वकील रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी त्यांची बाजू मांडली आणि 1975 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हा भेदभाव एकमताने घटनाबाह्य ठरवला.

ब्रिटनमध्ये मृत्यूची खबर एकदाच द्यावी आणि ती अनेक सरकारी खात्यांना कळावी, अशी सोय आहे. मात्र खासगी पेन्शन कंपन्यांना तिथेही वेगळे कळवावे लागते.

पेन्शन मंजूर झाल्यावरही फाइल लगेच कपाटात ठेवू नये. पहिली रक्कम जमा होताच प्रारंभाची तारीख आणि मधल्या काळाची थकबाकी तपासावी. निवृत्तीच्या वेळी पेन्शनचा काही भाग विकून एकरकमी पैसे घेतलेले असले, तर केंद्र सरकारच्या नियमांनुसार त्यापोटीची कपात कुटुंब निवृत्तिवेतनातून होत नाही. ती चुकून चालू राहिली असेल, तर लेखी अर्ज द्यावा आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का व तारीख घेऊनच कार्यालयातून बाहेर पडावे.